जॅझच्या कॉर्ड्स: आधी ग आणि नी

पुण्यातल्या गिटारवाल्यांची तयारी बहुधा फिरोदिया करंडकाच्या तालमींत, गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात नाहीतर भावगीतांच्या कार्यक्रमात साथीला बसून झालेली असते. बार कॉर्ड्स हातात मुरलेल्या असतात, गायकाने पट्टी सांगितली की कॅपो कुठे लावायचा ते विचारावे लागत नाही, आणि दोन अंतऱ्यांमधला तुकडा ऐकून लगेच उचलता येतो. अशी दहा-पंधरा वर्षे काढलेला माणूस जॅझकडे वळला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या हाती शेकडो शेप्सचा, म्हणजे तारांवर बोटे कुठे ठेवायची त्या आकृत्यांचा, तक्ता पडतो. तो पाठ करायला बसतो, महिन्याभरात कंटाळतो आणि परत बार कॉर्ड्सकडे येतो.

हा लेख अशा वादकासाठी आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की तक्ता बाजूला ठेवा आणि प्रत्येक कॉर्डमधला गंधार व निषाद ओळखायला शिका. जॅझच्या कॉर्ड्सचा सगळा जीव या दोन स्वरांत असतो, आणि ज्या घरात पेटी आहे किंवा रेडिओवर गाणे लागते तिथल्या कानाला हे स्वर परके नाहीत.

गिटार बदलण्याची गरज नाही. पोकळ खोडाची महागडी जॅझ गिटार नंतर केव्हाही घेता येईल. इलेक्ट्रिक असेल तर मानेजवळचा पिकअप लावा आणि टोनचे बटण थोडे कमी करा. अकूस्टिक असेल तर आहे तशी चालेल. कॅपो मात्र गिटारच्या केसमध्ये ठेवून द्या, कारण इथे मोकळ्या तारांचा आधार जवळजवळ सुटतो. आप्पा बळवंत चौकातून चौकटीची एक गणिताची वही आणा आणि शेप्स स्वतःच्या हाताने काढा. छापील तक्त्यापेक्षा हाताने काढलेला शेप जास्त टिकतो.

प्रत्येक कॉर्डला तिचा स्वतःचा सा

आपल्या संगीतात तानपुरा लागला की षड्ज ठरला, मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. जॅझमध्ये कॉर्ड बदलली की षड्ज बदलला असे समजायचे. डी मायनर सेव्हन वाजते तेव्हा डी हा सा, पुढच्या मात्रेला जी सेव्हन आली की जी हा सा. सवाईला जाऊन तयार झालेल्या कानाला हे सुरुवातीला अस्वस्थ करते, पण एकदा मान्य केले की सगळे हिशेब सोपे होतात. जॅझमधल्या बहुतेक कॉर्ड्स तीन घराण्यांत बसतात.

मेजर सेव्हन: शुद्ध ग, शुद्ध नी.
डॉमिनंट सेव्हन, म्हणजे नुसते सेव्हन: शुद्ध ग, कोमल नी.
मायनर सेव्हन: कोमल ग, कोमल नी.

पंचम या तिन्हींत तोच आहे. तो वेगळी ओळख देत नाही, म्हणून सुरुवातीला त्याला सुट्टी. सा, ग आणि नी इतकेच तीन स्वर घेऊन जी कॉर्ड होते तिला शेल व्हॉइसिंग म्हणतात.

शेप्सकडे वळण्याआधी एक आठवडा हा रियाज करा. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवरचा जी वाजवा आणि त्याला सा धरून गळ्याने शुद्ध ग गा, मग कोमल ग, मग दोन्ही नी. नंतर पाचव्या तारेवरचा सी घेऊन तेच करा. आवाज चांगला असण्याची अट नाही, स्वर जागेवर लागला पाहिजे. बोटांना शेप आठवला नाही तरी कानाला स्वर आठवतो, आणि अडल्या वेळी कानच रस्ता दाखवतो.

छापील कागदावरच्या खुणाही इथेच समजून घ्या. छोटा त्रिकोण म्हणजे मेजर सेव्हन, वजाबाकीची खूण म्हणजे मायनर, गोलावर तिरकी काट म्हणजे हाफ डिमिनिश्ड, नुसता गोल म्हणजे डिमिनिश्ड. अक्षरापुढे नुसता ७ असेल तर नी कोमल. त्याला मेजर सेव्हन समजून वाजवले की सगळा तुकडा बिघडतो, आणि नवीन माणसाची सर्वांत जास्त गफलत याच जागी होते.

सहा शेप्स

पुढचे आकडे फ्रेटचे आहेत, जाड सहाव्या तारेपासून बारीक पहिल्या तारेकडे लिहिले आहेत. × म्हणजे ती तार वाजवायची नाही, ० म्हणजे मोकळी तार.

सा सहाव्या तारेवर असेल तर नी चौथ्या तारेवर आणि ग तिसऱ्या तारेवर येतो. जी घेऊन पाहा:

जी मेजर सेव्हन: ३ × ४ ४ × ×
जी सेव्हन: ३ × ३ ४ × ×
जी मायनर सेव्हन: ३ × ३ ३ × ×

सा पाचव्या तारेवर असेल तर क्रम उलटतो, चौथ्या तारेवर ग आणि तिसऱ्यावर नी. सी घेऊन:

सी मेजर सेव्हन: × ३ २ ४ × ×
सी सेव्हन: × ३ २ ३ × ×
सी मायनर सेव्हन: × ३ १ ३ × ×

जी मेजर सेव्हनमधला नी एक फ्रेट खाली आणला की जी सेव्हन, त्यातला ग एक फ्रेट खाली आणला की मायनर सेव्हन. सीच्या रांगेतही हेच होते. बोट हलवताना कोणता स्वर उतरला ते मोठ्याने म्हणा. एका महिन्यात हे सहा शेप्स गिटारभर फिरायला लागतात, कारण सा कुठल्याही फ्रेटवर नेला तरी आतले अंतर तेच राहते.

आता आवाज बंद करण्याचे काम, ज्याकडे बार कॉर्डवाले हमखास दुर्लक्ष करतात. सहाव्या तारेवरच्या शेपमध्ये पाचवी तार गप्प राहिली पाहिजे. सहावी तार दाबणाऱ्या बोटाचे टोक पाचव्या तारेला हलके टेकवून ती बंद करायची. पाचव्या तारेवरच्या शेपमध्ये तेच टोक वर सरकून सहाव्या तारेला टेकते. दुसरी आणि पहिली तार पहिल्या बोटाच्या आतल्या बाजूने झाकायची. पिक सहाही तारांवरून मोकळेपणाने फिरला तरी तीनच स्वर ऐकू आले पाहिजेत. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका. जॅझ गिटारचा तो आटोपशीर आवाज ॲम्प्लिफायरपेक्षा डाव्या हातातून जास्त येतो.

दोन, पाच, एक

कुठल्याही जॅझच्या गाण्याचा कागद समोर घ्या, त्यात सप्तकाच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्ड्स याच क्रमाने पुन्हा पुन्हा येताना दिसतील. सी मेजरमध्ये हा तुकडा असा:

डी मायनर सेव्हन: × ५ ३ ५ × ×
जी सेव्हन: ३ × ३ ४ × ×
सी मेजर सेव्हन: × ३ २ ४ × ×

आता फक्त चौथ्या आणि तिसऱ्या तारेकडे बघा: ३ ५, मग ३ ४, मग २ ४. पहिल्या बदलात एकच स्वर अर्धा सूर उतरला, दुसऱ्या बदलात दुसरा. डीचा कोमल नी उतरला आणि जीचा शुद्ध ग झाला, तर डीचा कोमल ग जागेवरच राहून जीचा कोमल नी झाला. पुढे जीचा कोमल नी उतरून सीचा शुद्ध ग झाला आणि जीचा शुद्ध ग न हलता सीचा शुद्ध नी झाला. दर वेळी नी उतरतो आणि पुढच्या घरात ग म्हणून जाऊन बसतो. जॅझमधली ती ओढ, एक कॉर्ड दुसरीकडे आपोआप ओढली जाते असे वाटणे, या उतरण्यातून येते. मला या संगीतात सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे, आणि ती सहा-सात फ्रेट्सच्या आत, दोन तारांवर हातात येते.

म्हणून हा तुकडा आधी दोनच तारांवर, सा न वाजवता, खूप वेळा वाजवा. मग सा जोडा. मग सहाव्या तारेपासून सुरू होणारी त्याचीच दुसरी जागा घ्या: १० × १० १० × ×, × १० ९ १० × ×, ८ × ९ ९ × ×. या दोन जागा पक्क्या झाल्या की बाराही पट्ट्यांत फिरवायच्या. क्रम सी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट, जी फ्लॅट, बी, ई, ए, डी, जी असा ठेवा, कारण गाणीही बहुतेक याच दिशेने चालतात. रोज दोन पट्ट्या पुरेत. बारा पट्ट्या एका बैठकीत उरकण्याच्या हट्टापायी हात चालतो आणि कान झोपतो.

ठेका

आपला कान समेकडे धावतो. जॅझमध्ये चार मात्रांच्या बारमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. हा बदल कॉर्ड्सपेक्षा अवघड आहे, त्यामुळे त्याला जास्त दिवस द्या. मेट्रोनोम निम्म्या लयीवर लावा: ८० ची लय हवी असेल तर ४० वर. जो टक ऐकू येईल तो दोन आणि चार समजा, एक आणि तीन स्वतः पायाने धरा. पहिले काही दिवस टक फिरून एकवर येईल. थांबा, पुन्हा लावा, कॉर्ड न वाजवता नुसते मोजा.

मग दर मात्रेला एक आघात, चारही मात्रा सारख्या, दोन आणि चारवर किंचित वजन. आघात झाला की डाव्या हाताचा दाब सोडायचा म्हणजे स्वर लांबत नाही. गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये काउंट बेसीच्या वाद्यवृंदात आले आणि १९८७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत हेच वाजवत राहिले, पुष्कळदा ॲम्प्लिफायरशिवाय आणि दोन-तीन स्वरांच्या कॉर्ड्स घेऊन. त्यांचे रेकॉर्डिंग लावून सोबत वाजवा. गिटार ऐकू येण्यापेक्षा जाणवते, आणि ती काढून घेतली तर सगळा वृंद सैल पडेल हे लक्षात येते.

स्विंगमध्ये मात्रेचे दोन भाग सारखे नसतात. मात्रेचे तीन भाग करा आणि दुसरा ठोका तिसऱ्या भागावर टाका. दादऱ्याची चाल अंगात असलेल्याला हे शब्दांत सांगावे लागत नाही. ते बसले की पहिल्या मात्रेवर एक कॉर्ड आणि दुसऱ्या मात्रेच्या उत्तरार्धात दुसरी, बाकी शांतता, असा ठेका धरा. याला चार्ल्सटन म्हणतात. गायकाच्या दोन ओळींमध्ये भरायची सवय तुम्हाला आहेच, फक्त इथे कमी भरायचे. सतत स्ट्रमिंग करणारा हात आवरणे हा साथीदाराचा खरा रियाज आहे.

पहिले गाणे

पहिल्या गाण्यासाठी मी ‘ऑटम लीव्ज’ सुचवतो. जोसेफ कोस्मा यांची ही मूळ फ्रेंच चाल जगभरच्या जॅम सेशनमध्ये वाजते, आणि तिच्या पहिल्या आठ बारमध्ये वर शिकलेले जवळजवळ सगळे येऊन जाते. ई मायनरमध्ये:

ए मायनर सेव्हन: ५ × ५ ५ × ×
डी सेव्हन: × ५ ४ ५ × ×
जी मेजर सेव्हन: ३ × ४ ४ × ×
सी मेजर सेव्हन: × ३ २ ४ × ×
एफ शार्प हाफ डिमिनिश्ड: २ × २ २ × ×
बी सेव्हन: × २ १ २ × ×
ई मायनर, दोन बार: ० × ० ० × ×

सहावी तार, पाचवी तार, पुन्हा सहावी, असा सा आळीपाळीने फिरतो आणि हात पाचव्या फ्रेटपासून हळूहळू खाली येतो. आधी जी मेजरमधला दोन-पाच-एक, मग ई मायनरमधला. हाफ डिमिनिश्डमध्ये पंचम अर्धा सूर उतरलेला असतो, पण शेलमध्ये पंचम नसल्याने तिचा शेप मायनर सेव्हनचाच राहतो. पूर्ण रूप ऐकायचे असेल तर बी हाफ डिमिनिश्ड × २ ३ २ ३ × अशी वाजवून बघा.

हे गाणे ३२ बारचे आहे. एका पूर्ण फेरीला कोरस म्हणतात, म्हणजे आपले आवर्तन. नुसत्या कॉर्ड्स वाजवताना चाल गुणगुणत राहा, म्हणजे बार चुकत नाही. जी मायनरमध्ये वाजवूया असे कोणी म्हणाले तर सगळे तीन फ्रेट वर न्यायचे, फक्त शेवटच्या मोकळ्या तारांच्या जागी ३ × ३ ३ × × घ्यायची.

रॉकमधून आलेल्यांनी दुसरे गाणे म्हणून एफमधला बारा बारचा ब्लूज घ्यावा. एफ सेव्हन × ८ ७ ८ × ×, बी फ्लॅट सेव्हन ६ × ६ ७ × ×. सात बारपर्यंत सगळे ओळखीचे वाटेल. आठव्या बारला डी सेव्हन येते, नवव्याला जी मायनर सेव्हन, दहाव्याला सी सेव्हन, आणि अकराव्याला परत एफ. जिथे रॉकवाला पाचवी आणि चौथी कॉर्ड वाजवून घरी येतो तिथे जॅझवाला दोन-पाच-एकच्या वाटेने येतो. इतक्याच बदलाने ब्लूजचा रंग पालटतो.

रंग भरणे

शेल पक्के झाल्यावरच दुसऱ्या तारेला हात लावा. नाइन म्हणजे वरच्या सप्तकातला रे, इलेव्हन म्हणजे म, थर्टीन म्हणजे ध. त्याच तुकड्यावर:

डी मायनर नाइन: × ५ ३ ५ ५ ×
जी थर्टीन: ३ × ३ ४ ५ ×
सी मेजर नाइन: × ३ २ ४ ३ ×

दुसऱ्या तारेवर ५, ५, ३ अशी एक छोटी चाल तयार होते. डीचा रे न हलता जीचा ध झाला आणि मग सीच्या रेवर उतरला. अशी वरच्या तारेवरची चाल ऐकत कॉर्ड निवडायला लागलात की तक्त्यांची गरज संपते.

मायनरकडे जाणाऱ्या पाचव्या कॉर्डवर कोमल रे आणि कोमल ध घेतात. ए मायनरकडे जाताना ई सेव्हन × ७ ६ ७ ६ × अशी वाजवा, वरचा स्वर कोमल रे आहे, आणि ए मायनर सिक्सवर, म्हणजे ५ × ४ ५ ५ × वर उतरा. शुद्ध गंधारासोबत कोमल रे, कोमल ध, कोमल नी हे स्वर बसंत मुखारीचे आहेत. तो राग ऐकलेला असेल तर या कॉर्डवर काय वाजवायचे याचा अंदाज तुम्हाला आधीच आहे. रागाचे चलन इथे लागू होत नाही, स्वरांची ओळख मात्र कामाला येते.

ट्रायटोन सब्स्टिट्यूशन हे नाव ऐकून लोक दचकतात. जी सेव्हनच्या ऐवजी तिच्या तीव्र मध्यमावरची सेव्हन कॉर्ड वाजवायची, म्हणजे डी फ्लॅट सेव्हन: × ४ ३ ४ × ×. वरचे दोन स्वर जी सेव्हनचेच आहेत, फक्त ग आणि नी यांनी जागा बदलल्या. × ५ ३ ५, × ४ ३ ४, × ३ २ ४ असे सलग वाजवा, खालचा सा डी, डी फ्लॅट, सी असा पायरी पायरीने उतरतो. हे कधी वापरायचे ते रेकॉर्ड्स ऐकूनच कळते. वेस मॉन्टगोमेरी, जो पास आणि जिम हॉल हे तिघे गिटारवादक साथ कशी करतात ते ऐका, सोलोपेक्षाही साथीकडे कान ठेवा. जिम हॉल यांच्या शांततेतून मी सर्वांत जास्त शिकलो.

हे आवाज आपल्याकडे नवे नाहीत. मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक सिनेमाच्या स्टुडिओत आले आणि सी. रामचंद्र यांच्यासारख्या मराठी संगीतकारांबरोबर त्यांनी काम केले. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांच्यासोबत होते. ती गाणी पुन्हा ऐका आणि नी कुठे उतरतो ते शोधा.

दुसऱ्यांबरोबर वाजवताना

दोन गाणी आणि ब्लूज आला की एकट्याने वाजवणे थांबवा. घरचा बॅकिंग ट्रॅक कधी चुकत नाही आणि तुमचे ऐकतही नाही. एखादा कीबोर्डवाला मित्र, तबला किंवा काहोन वाजवणारा कोणी, इतके जमले तरी कोथरूडच्या एखाद्या हॉलच्या खोलीत सुरुवात होते. कॅम्पात आणि कोरेगाव पार्कच्या बाजूला लाइव्ह संगीत असते तिथे आधी दोन-तीनदा फक्त ऐकायला जा, मग वादकांशी बोला. पट्टी, लय आणि गाण्याचे नाव सांगता आले की ओळख पुरते.

बेसवादक असेल तर सा सोडून द्या आणि चौथ्या-तिसऱ्या तारेवरचे ग आणि नी तेवढे वाजवा, हवा असल्यास वर रे किंवा ध. सा बेसकडे असताना तुम्हीही जाड तारेवर तो वाजवला तर खालचा आवाज गढूळ होतो. कीबोर्ड असेल तर दोघांनी एकदम साथ करू नये. सुरू करण्याआधीच ठरवा की गायकाच्या मागे कोण आणि सोलोच्या मागे कोण, आणि ज्याची पाळी नाही त्याने हात तारांवर सपाट ठेवून नुसते मोजत राहावे. फेरी हरवली तर कॉर्ड अंदाजाने मारू नका. थांबा, चाल मनात म्हणा, बेसवादक पुढच्या आठ बारच्या सुरुवातीला येईल तिथे पुन्हा शिरा.